काळ्या ट्रंकेतील पत्रे

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेस उतरून उत्तनच्या बसमध्ये बसले, की थोड्याच वेळात उंच इमारती मागे पडतात आणि मुर्धा, राई, मोर्वा ही जुनी गावे लागतात. एका अंगाला मिठागरे, दुसऱ्या अंगाला पावसाळी भाताची उरलीसुरली खाचरे, आणि मधून जाणारा हा रस्ता. मुर्धा गावातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक काळी लोखंडी ट्रंक आहे. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने काकांचा लष्करी क्रमांक, हुद्दा आणि नाव लिहिलेले आहे. ज्यांच्या घरातील कोणी सैन्यात होते, अशा वाचकांना ही ट्रंक वेगळी वर्णन करून सांगायला नको. बहुतेक घरांत ती असते आणि बहुतेक घरांत तिच्यावर जुन्या गोधड्या ठेवलेल्या असतात.

काका लष्करात वाहनचालक होते. त्यांना जाऊन वीस वर्षे होऊन गेली. काकी मागच्या पावसाळ्यात गेल्या, तेव्हा त्यांना ऐंशी ओलांडून दीड वर्ष झाले होते. दहाव्यापर्यंत माणसे येत राहिली, आणि जो येई तो काकांच्याच गोष्टी सांगे. एकाहत्तरच्या लढाईत काका कोठे होते, त्यांची गाडी बर्फात कशी अडकली, निवृत्तीनंतर ते पहाटे चारला कसे उठत. काकींविषयी सगळ्यांचे एकच वाक्य होते : ‘फार सोसलं हो तिनं.’ काय सोसले, हे कोणालाच सांगता येत नव्हते. त्यांच्या स्वतःच्या मुलांनाही नाही, आणि एकाच घरात वाढलेल्या माझ्यासारख्या पुतण्यालाही नाही. आपल्या घरी अशी एखादी आजी, मावशी, काकी असेल, तर हा लेख त्यांच्या हयातीत वाचलेला बरा. म्हणूनच तो शोकलेखासारखा न लिहिता आपल्याशी बोलल्यासारखा लिहितो आहे.

ट्रंक आम्ही प्रथम उघडली ती काकींच्या आजारपणात. त्यांना स्मृतिभ्रंश झाला होता. सुरुवातीला तो लक्षातही आला नाही. डाळीत मीठ दोनदा पडे, देवापुढचा दिवा लावला की नाही याचा घोळ होई. नंतर मात्र एक विचित्र नेम सुरू झाला. दुपारचे तीन वाजले, की काकी पदर नीट करून ओटीवर येऊन बसत आणि रस्त्याकडे पाहत राहत. ‘पोस्टमन यायचा आहे,’ म्हणत. रात्री कधी अचानक उठून हिंदीत विचारत, ‘गाडी आ गई क्या?’ मुर्ध्यातल्या आगरी घरात जन्म गेलेल्या बाईच्या तोंडी ही हिंदी ऐकून नातवंडांना हसू येई. लग्नानंतर काही वर्षांनी दोन वर्षे त्या काकांबरोबर जबलपूरच्या छावणीत राहिल्या होत्या, हे त्या मुलांना कोणी सांगितलेच नव्हते.

आम्ही काय केले, तर त्यांची चूक सुधारली. ‘काकी, काका गेले ना गं, आता कुठली पत्रं?’ असे आम्ही प्रेमानेच सांगत होतो. आणि प्रत्येक वेळी ती बातमी त्यांना नव्याने कळत होती. चेहरा उतरे, डोळे भरत, कधी त्या रागावत. तासाभराने सारे विसरून पुन्हा ओटीवर येत. एका दिवसात तीन-तीनदा आम्ही त्यांना वैधव्य दिले. हे लिहिताना आजही हात जड होतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाशी वाद घालू नये, त्याच्या वाक्यामागची भावना ओळखून तिला उत्तर द्यावे, एवढी साधी गोष्ट आम्हाला डॉक्टरांकडून उशिरा कळली. मग उत्तर बदलले. ‘पोस्टमन आला नाही अजून? काकांनी गेल्या पत्रात काय लिहिलं होतं गं?’ असे विचारू लागलो, आणि काकी बोलू लागल्या. जे बोलल्या त्यातले निम्मे आम्हाला ठाऊक नव्हते. म्हणून ट्रंक खाली काढली.

आत गणवेशाचा पट्टा, लोकरीचा मोजा, एक रिकामा चहाचा डबा आणि निळ्या आंतरदेशीय पत्रांचे सुतळीने बांधलेले तीन गठ्ठे निघाले. आम्हाला वाटले, काकांची पत्रे असणार. ती काकींची होती. सीमेवरून सीमेवर बदल्या होत असताना काकांनी बायकोची पत्रे सांभाळून ठेवली होती आणि निवृत्त होताना ट्रंकेत घालून घरी आणली होती. पत्ता सगळ्यांवर जवळजवळ सारखाच : क्रमांक, नाव, तुकडी आणि शेवटी ‘द्वारा ५६ एपीओ’. सैन्याच्या टपालव्यवस्थेतला हा पत्ता म्हणजे एक पडदाच असतो. त्यावरून माणूस लडाखला आहे की आसामात, हे घरच्यांना कळत नाही. कळू नये अशीच ती योजना आहे. काकींनी सारी उमेदीची वर्षे अशा एका ठिकाणी पत्रे धाडली, जे नकाशात कोठेच नव्हते.

सगळ्यांत जुनी पत्रे काकींच्या हातची नव्हती. चौथीपर्यंत शिकलेल्या काकींना वाचता येई, पण लिहिण्याची सवय मोडलेली. म्हणून गावातले मास्तर लिहून देत. ती पत्रे कोरडी आहेत. सर्व क्षेम, पाऊस बरा, सासूबाईंची प्रकृती ठीक. परक्या माणसासमोर नवऱ्याला काय लिहायचे? नंतर थोरल्या मुलीची पाटी-पेन्सिल घरात आली आणि मुलीबरोबर आईनेही अक्षरे पुन्हा गिरवली. तिथून पुढची पत्रे मोठ्या, एकमेकांना धडकणाऱ्या अक्षरांत आहेत. मुलगी शिकली म्हणून तिला शिकवण्याचे श्रेय आम्ही काकींना देत आलो. त्या स्वतः कशासाठी शिकल्या, हे त्या गठ्ठ्याने सांगितले.

आणखी एक गोष्ट त्या पत्रांनी सांगितली, आणि सुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने ती ध्यानात ठेवावी असे मला वाटते. काकी वाईट बातमी वेळेवर कधीच लिहीत नसत. धाकट्या मुलाला विषमज्वर झाला, ती हकीकत तो उठून शाळेत जाऊ लागल्यावर लिहिली आहे. सासूबाईंना पक्षाघात झाला, ते दीड महिन्याने. स्वतःचे एक मूल पोटातच गेले, त्याचा उल्लेख एका ओळीत, तोही भाताच्या हिशोबाच्या खाली. दूर असलेल्या माणसाला काळजी लावून उपयोग काय, त्याचे लक्ष हातातल्या कामावर राहिले पाहिजे, हा त्या काळच्या लष्करी घरांतला अलिखित नियम होता. वीस वर्षे पाळलेला नियम निवृत्तीच्या कागदाबरोबर सुटत नाही. पंचाहत्तरीनंतर काकी न्हाणीघरात घसरल्या, तेव्हा त्यांनी चार दिवस कोणाला सांगितले नाही. ‘जरा कंबर धरली आहे,’ एवढेच. खुब्याचे हाड मोडले होते. अशा अस्थिभंगावर शक्यतो पहिल्या दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी, असे अस्थितज्ज्ञ सांगतात. उशीर झाला की अंथरुणावरचे दिवस वाढतात आणि त्याबरोबर न्यूमोनिया, पाठीला होणाऱ्या जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या. काकी त्यातून उठल्या, पण पूर्वीसारख्या चालल्या नाहीत.

म्हणून सांगतो, अशा स्त्रीला ‘बरी आहेस ना?’ असे विचारू नये. तिचे उत्तर ठरलेले असते. नेमके विचारावे : रात्री किती वेळा उठलीस, जिना चढताना कुठे थांबतेस, काल जेवलीस त्यात काय होते. तिच्या चालण्याकडे, उठताना ती कशाचा आधार घेते तिकडे पाहावे. आणि डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावे की ही बाई दुखणे निम्मे करून सांगते.

डिसेंबर 1971 मधली पत्रे गठ्ठ्यात फक्त दोन आहेत. त्या दिवसांविषयी काकींनी आजारपणात तोंडीच अधिक सांगितले, आणि आश्चर्य म्हणजे त्यात घोळ नव्हता. स्मृतिभ्रंशात कालचे पुसले जाते आणि जुने बराच काळ टिकते. मुंबई परिसरात काळोख पाळला जाई, कंदिलाला कागद गुंडाळलेला असे. मिठागरावर कामाला गेले तरी कान गावाच्या वाटेकडे असत. काकींना पत्राची ओढ होती आणि तारेची धास्ती. पोस्टमनची सायकल दिसली, की आधी त्याच्या हाताकडे पाहायचे, मग चेहऱ्याकडे. सतरा दिवस काकांचा काहीच पत्ता नव्हता. दुपारी तीन वाजता ओटीवर येऊन बसण्याचा नेम तेव्हाचा होता. पन्नास वर्षांनी आजाराने तो नव्याने निर्माण केला नाही. वरचे थर गळून पडले आणि तळाचा नेम उघडा पडला.

काकींचे सतरा दिवस संपले. काहींचे संपलेच नाहीत. बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या आणि 1970 च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी दमयंती तांबे यांचे नाव आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे लढाऊ विमान 5 डिसेंबर 1971 रोजी पाकिस्तानात शोरकोट येथे पाडले गेले. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. पाकिस्तानातील एका वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या यादीत त्यांच्या नावाशी मिळतेजुळते नाव छापून आले. पण युद्धकैदी परतले त्यांत ते नव्हते. त्या युद्धातील बेपत्ता सैनिकांची यादी ‘चोपन्न’ या आकड्याने ओळखली जाते, आणि पाकिस्तानने ते आपल्याकडे असल्याचे नेहमीच नाकारले. 2007 मध्ये नातलगांचे एक पथक तिकडचे तुरुंग पाहून आले. हाती काही लागले नाही. दमयंतीताईंनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडाक्षेत्रातच नोकरी केली आणि पतीचा शोध अनेक दशके चालू ठेवला. कुंकू लावायचे की नाही, वर्षश्राद्ध करायचे की नाही, या प्रश्नांची उत्तरे अशा घरांना कोणतेच शास्त्र देत नाही.

या अवस्थेला नाव मिळाले तेही सैनिकांच्या बायकांमुळेच. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास अमेरिकेतील पॉलीन बॉस यांनी 1970 च्या दशकात केला आणि ‘संदिग्ध वियोग’ अशी कल्पना मांडली. माणूस गेला याची खात्री नाही, तो आहे याचीही नाही. त्यामुळे शोक सुरूच होत नाही आणि संपतही नाही. बॉस यांनी पुढे याच कल्पनेची दुसरी बाजू दाखवली. माणूस समोर बसला आहे, श्वास घेतो आहे, आणि तरी तो आपल्याला ओळखत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरचा वियोगही त्याच जातीचा आहे. मला हे कळले तेव्हा काकी आणि आम्ही एकाच ओटीवर बसल्याचे जाणवले. त्या काकांची वाट पाहत होत्या, आम्ही काकींची. आपण घरी अशा रुग्णाची सेवा करीत असाल आणि माणूस जिवंत असताना आपल्याला रडू येते म्हणून मनाला अपराधी वाटत असेल, तर ते वाटू देऊ नका. हा खराच वियोग आहे आणि त्याचे दुःख करण्याचा आपल्याला अधिकार आहे.

दुःख करण्याचा अधिकार म्हटल्यावर आमच्याच मीरा-भाईंदरमधला एक दिवस आठवतो. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे 7 ऑगस्ट 2018 रोजी काश्मीरच्या गुरेझ क्षेत्रात घुसखोरांशी लढताना धारातीर्थी पडले. वय अवघे 29; घरी आईवडील, पत्नी आणि लहानगा मुलगा. अंत्ययात्रेला सारे शहर लोटले होते. पत्नी कनिका राणे यांनी पुढे निवड परीक्षा दिली, चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत प्रशिक्षण पूर्ण केले आणि नोव्हेंबर 2021 मध्ये त्या स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. त्यांच्याआधी, 2017 मध्ये, साताऱ्याच्या कर्नल संतोष महाडिक यांच्या पत्नी स्वाती महाडिक याही दोन मुलांची आई असताना गणवेशात आल्या होत्या. या दोघींपुढे मान लवतेच. तरीही मला एक सांगावेसे वाटते. वीरपत्नी, वीरमाता हे शब्द आपण आदराने उच्चारतो, पण त्यांचे वजन त्या बाईच्या खांद्यावर पडते. वीरमातेने रडायचे नाही, असे गृहीत धरले जाते. व्यासपीठावर शाल-श्रीफळ घेताना तिने ताठ उभे राहायचे असते. शाल देणाऱ्यांनी सहा महिन्यांनी तिच्या घरी जाऊन चहा घ्यावा. तेव्हा ती एकटी असते आणि बोलण्याची गरज खरी तेव्हाच असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात आता प्रदीर्घ शोकाच्या विकाराचा समावेश आहे. मृत्यूला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला, तरी ओढ आणि वेदना इतकी तीव्र की रोजचे जगणेच थांबते, अशी ही अवस्था. त्यावर उपचार होऊ शकतात. शासनाची टेलिमानस ही 14416 या क्रमांकावरील निःशुल्क सेवा मराठीतही बोलते, आणि सशस्त्र दले व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 2023 च्या अखेरीस सुरू झाला. वयस्क माणसाने असा दूरध्वनी स्वतःहून केला, असे क्वचितच घडते. शेजारी बसून क्रमांक लावून द्यावा लागतो.

आता थोडे रूक्ष, पण पोटापाण्याचे. काकींच्या फॅमिली पेन्शनमध्ये ऐंशीव्या वर्षी 20 टक्के वाढ व्हायला हवी होती. नियम असा आहे : ऐंशीला 20, पंच्याऐंशीला 30, नव्वदला 40, पंच्याण्णवला 50 आणि शंभरीला 100 टक्के वाढीव निवृत्तिवेतन. ते काकींना वेळेवर मिळाले नाही, कारण पेन्शनच्या कागदावर त्यांची जन्मतारीखच नव्हती. त्याहून मोठी अडचण नावाची. लग्नात आपल्याकडे मुलीचे नाव बदलतात. काकांच्या सेवापुस्तिकेत लग्नाची नोंद झाली ती माहेरच्या नावाने, आधार कार्डावर सासरचे नाव, बँकेत तिसरेच स्पेलिंग. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात सात महिने हेलपाटे घातले, आणि वाढ मंजूर झाली तेव्हा काकींना सही करता येत नव्हती. आपल्या घरी सैनिकाची पत्नी असेल, तर पेन्शनच्या आदेशपत्रावरील तिचे नाव आणि जन्मतारीख आजच आधार कार्डाशी ताडून पाहा. फरक असेल तर ठाण्याचे किंवा आपल्या जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय गाठा. दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसमार्फत होते आणि वेळ खाते. माजी सैनिकांच्या ईसीएचएस आरोग्ययोजनेचे कार्ड पतीच्या निधनानंतर तिच्या स्वतःच्या नावाने अद्ययावत आहे ना, हेही पाहावे. हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरात द्यायचा असतो. ऐंशी ओलांडलेल्यांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो.

ट्रंकेकडे परत येतो. वृद्धांच्या गतायुष्याच्या उजळणीला वैद्यकात स्थान मिळाले ते अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांच्या 1963 मधील लेखामुळे. म्हातारी माणसे जुन्यात रमतात ते बुद्धी मंदावल्यामुळे नव्हे, आयुष्याचा हिशोब जुळवण्यासाठी, असे त्यांनी मांडले. स्मृतिभ्रंशात आठवणींच्या अशा गप्पांनी आजार हटत नाही. झालाच तर मनःस्थितीला आणि संवादाला माफक लाभ होतो. आमचा अनुभव तेवढाच आहे. काकींची विस्मृती कमी झाली नाही. दुपारी तीनची तगमग मात्र पुष्कळ उतरली.

रीत साधी होती. ‘आठवतं का?’ हा प्रश्न आम्ही बंद केला, कारण तो परीक्षेसारखा वाटतो. त्याऐवजी हातात वस्तू द्यायची. लोकरीचा मोजा दिला, की सुया कशा चालवायच्या हे बोटांनी आपोआप दाखवले आणि छावणीतल्या कोणत्या शेजारणीने शिकवले तेही आले. चहाचा रिकामा डबा उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, ‘कॅन्टीनचा आहे, जपून वापर.’ वीस मिनिटांहून अधिक बसायचे नाही. थकल्या, की थांबायचे. पोटात गेलेल्या मुलाचा विषय आम्ही काढला नाही; एकदा त्यांनी आपणहून काढला, तेव्हा ताईने फक्त हात धरला. दुखरी आठवण खणून काढू नये, आली तर अडवू नये. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचे सुचले ते नातीला, आणि तेही फार उशिरा. हाती आहेत ते एकूण चार तास. त्यात पाऊण तास पावसाचाच आवाज आहे.

आता आम्ही छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने नावे लिहितो आहोत. काकांच्या तुकडीच्या छायाचित्रात नावे छापलेलीच आहेत, रांगेनुसार. बायकांचे एकच छायाचित्र आहे, जबलपूरचे; सहा जणी, कडेवर मुले, मागे पत्र्याची चाळ. डावीकडून तिसऱ्या काकी. शेवटच्या महिन्यांत त्यांनी आणखी दोघी ओळखल्या, त्यांची नावे लिहिली. उरलेल्या तिघींच्या जागी नातीने लिहून ठेवले आहे : ‘विणकाम शिकवणारी शेजारीण यांपैकी एक. नाव विचारायचे राहिले.’